तीनदा उपाशी

दाजींची माफी मागायची राहून गेली आहे. ती आधी मागतो आणि मग पुढे जातो.

दाजी म्हणजे मालवणातले दोन होड्यांचे मालक. त्यांचं वजन मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की ते आमच्या लॅबच्या बाकावर बसले की दुसऱ्या टोकाचा माणूस उठून उभा राहणं पसंत करतो. गणपती पोचवून दोन-तीन दिवस झाले होते. श्रावणापासून तोंड बांधून बसलेली आमची माणसं त्या दिवसांत मासळीवर आणि कोंबडी-वड्यांवर सूड उगवतात, आणि तो उगवून झाला की त्यांना अचानक रक्त तपासून घ्यायची आठवण होते. बाहेर दहा-बारा जण उपाशीपोटी ताटकळत होते, काही रक्त द्यायला, काही रक्त देऊन रिपोर्टसाठी. मी आत यंत्रातून नळ्या काढत होतो. त्यात एक नळी पांढरी निघाली.

रक्ताची नळी त्या यंत्रात गरगर फिरवली की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी राहतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. साखर, चरबी, सगळं त्यातच मोजायचं. त्याचा रंग गवती चहा उकळलेल्या पाण्यासारखा असतो. या नळीतलं सीरम मात्र नारळाच्या पहिल्या रसासारखं होतं, दाट पांढरं. जेवणातलं तेल-तूप आतड्यातून रक्तात उतरलं की काही तास असं दिसतं, मग निवळतं. म्हणून तर रात्रभर काही न खाता या असं सांगतात. तेव्हा पांढरी नळी म्हणजे माणूस खाऊन आला. अठ्ठावीस वर्षांत हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की चिठ्ठीवरचं नाव वाचायची मला गरजच वाटली नाही. मी दारातून डोकं बाहेर काढलं, बाकावरून नजर फिरवली आणि ती दाजींवर आणून थांबवली.

"दाजी, काय खावन इल्यात?"

दाजींचा चेहरा पडला. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मी हटेना, तेव्हा त्या सरळ माणसाने सगळ्यांसमोर कबुलीच दिली. "काल रातीक नव वडे खाल्लंय. पण आठ वाजता हात धुतलंय रे." बाक हसला. मी त्यांना चरबीवर पाच मिनिटं ऐकवलं, पुन्हा यायला सांगितलं, आणि विजयी मुद्रेने आत येऊन वहीत नोंद करायला नळी हातात घेतली. चिठ्ठीवर दाजींचं नाव नव्हतं. दाजींची नळी शेजारीच उभी होती, आरपार दिसेल इतकी नितळ.

मी बाहेर जाऊन चूक सांगितली नाही. सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, म्हणजे सगळ्यांसमोरच सांगावं लागलं असतं.

आमच्या घरी पाहुणे आले की जेवणं झाल्यावर गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं, आणि नऊ वड्यांची ही गोष्ट मागून मागून ऐकली जाते. दाजींपाशी सगळे हसतात आणि मी तिथेच थांबतो. पुढचं मी कुणाला सांगत नाही. ते आज लिहितो आहे.

चिठ्ठीवरचं नाव होतं सायली. दाराजवळ उभी असलेली वीस वर्षांची मुलगी. गाव कणकवलीच्या आतल्या अंगाला, घरी भात आणि काजू. पोलीस भरतीच्या तयारीसाठी मालवणात आत्याकडे राहायला आली होती आणि रोज पहाटे किनाऱ्यावरच्या वाळूत धावायची. अंगावर मांस असं नाहीच, सगळे स्नायू. पिंढऱ्या लाकडात कोरून काढल्यासारख्या. पोटात अधूनमधून कळा येतात म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त तपासायला पाठवलं होतं.

आणि तिचे हात! रक्त काढणाऱ्याचं निम्मं आयुष्य शीर शोधण्यात जातं. दाजींसारख्यांच्या दंडात मी बोटाने चाचपत, देवाचं नाव घेत सुई घालतो. या मुलीच्या हातावर शिरा दोरीसारख्या उठून दिसत होत्या, मनगटापासून खांद्यापर्यंत. असा हात आमच्या धंद्यात सणच. मी तिला म्हणालोही, "सगळे तुझ्यासारखे असते तर माझे केस काळे राहिले असते." ती हसली होती.

पांढरी नळी या मुलीची आहे हे कळल्यावर मी चक्रावलो, पण क्षणभरच. तिची साखरही वाढलेली निघाली. म्हणजे दोन पुरावे झाले. शिवाय तिची आत्या मालवणातच भरड नाक्यावर खानावळ चालवायची. खानावळवालीच्या घरात राहून गणपतीनंतर उपाशी कोण राहील? मी तिला आत बोलावून सांगितलं, की रात्री लवकर जेव, सकाळी काही घेऊ नको, परवा ये. ती म्हणाली, "काका, मी खरंच काही खाल्लं नव्हतं." मी म्हणालो, सगळे असंच म्हणतात.

ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे चहा हे खाणं धरत नाहीत. चहात बुडवून खायचं बटर हे चहात धरतात. एक निवृत्त मास्तर दर सहा महिन्यांनी येतात, उपाशी आहे म्हणून ठासून सांगतात आणि हात पुढे करताना त्यांच्या मिशीवर पोह्यांतलं खोबरं असतं. अशा माणसांत अठ्ठावीस वर्षं काढली की माणसाचा कानांवरचा विश्वास उडतो आणि डोळ्यांवरचा नको इतका वाढतो. माझं तसंच झालं होतं.

दाट पांढऱ्या सीरममधून यंत्राचा उजेड नीट जात नाही, आकडे भलतेच येतात. तसली नळी बाद करायची असते. मी ती बाद केली आणि फेकून दिली. त्या फेकण्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

दोन दिवसांनी सायली आली. नळी फिरवली. पुन्हा नारळाचा रस.

या वेळी मी थोडा चिडलो, हे कबूल करतो. तिने काल संध्याकाळी सात वाजता पेज घेतली होती, नंतर फक्त पाणी, असं ती शांतपणे सांगत होती. आमच्याकडची मुलं लॅबमध्ये, ऑफिसात गेली की बोलतात त्या शाळेतल्या मराठीत. मी मान हलवत होतो, पण माझी मान काय म्हणते आहे हे तिला दिसत होतं. जाताना तिने विचारलं, "किती वेळ उपाशी राहिले तर तुम्ही मानाल?" मी काहीतरी मोघम उत्तर दिलं.

तिसऱ्या खेपेला ती आत्याला घेऊन आली. आत्या चांगली भरदार बाई, हातात खानावळीची किल्ली, तोंडावर राग. तिने मला बसूही दिलं नाही. "कालधरना चेडू माझ्या डोळ्यांमुखार आसा. पाण्याशिवाय काय घेवक नाय. आता आमका लबाड म्हणशात तर बघा." दीड दिवस त्या मुलीने अन्नाला स्पर्श केला नव्हता. मी सुई लावली. आणि तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोलली.

"काका, माका किती भूक लागता तां तुमका ठावक नाय. जेवान उठलंय तरी लागता. घरची सगळी हसतत माका. तरी मी रवलंय. आता तरी खरा माना."

मी नळी यंत्रात ठेवली. दहा मिनिटं ते यंत्र फिरतं. बाहेर आत्या रेश्माला, म्हणजे आमच्या नावं लिहून घेणाऱ्या बाईला, माझ्याबद्दल काय काय सांगत होती ते ऐकू येत होतं. यंत्र थांबलं. मी झाकण उघडलं.

नळी पांढरी होती.

मला आजही त्या नळीचा धक्का नीट सांगता येत नाही. नळी निसटेल म्हणून मी ती दोन्ही हातांत धरली, लहान मूल पेला धरतं तशी. दीड दिवस अन्न नाही, मग ही चरबी आली कुठून? आणि ज्या मुलीच्या अंगावर चिमूटभर चरबी नाही, तिच्या रक्तात ही इतकी?

तेव्हा मला माझे शिकवणारे म्हातारे सर आठवले. त्यांनी एक साधी गोष्ट शिकवली होती: पांढरी नळी कधी फेकू नये, रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवावी. जेवणातून आलेली चरबी हलकी असते, ती दुधावरच्या सायीसारखी वर येते आणि खालचं पाणी निवळतं. साय आली नाही, वरपासून खालपर्यंत गढूळच राहिलं, तर ती चरबी जेवणातली नव्हे, शरीराने स्वतः तयार केलेली. ती रक्तात येते आहे आणि जायला तिला जागा नाही. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. फक्त थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी थांबलो असतो तर कळलं असतं. पहिली नळी मी फेकली. दुसरीही फेकली.

तिसरी ठेवली. आणि एक काम बरं केलं: कणकवलीच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंना फोन केला. या बाई मोठ्या आजारांचं बघतात आणि मी दिसलो की माझ्या पोटाकडे बघून सुस्कारा टाकतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मुलगी आहे कुठे?" मी बाहेर आलो. ती गेली होती. आत्या खानावळीत परतली होती आणि सायली गावी जायला एसटीत बसली होती. तसं रेश्माने सांगितलं.

कसाल गाव मागे टाकून गाडी थोडी पुढे गेल्यावर तिच्या पोटात कळ आली. नेहमीची नव्हे. ती सीटवर आडवी झाली आणि उलट्या करू लागली. ड्रायव्हरने मधले थांबे घेतले नाहीत, गाडी सरळ कणकवलीत त्याच हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली, आणि मधल्या थांब्यांच्या माणसांनीही तक्रार केली नाही. माझा फोन येऊन गेलेला असल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी गॅसवरचं इंजेक्शन देण्यात वेळ घालवला नाही. रक्तातल्या चरबीने तिच्या स्वादुपिंडाला, म्हणजे पोटाच्या मागच्या बाजूला असलेल्या, अन्न पचवणाऱ्या आणि साखर सांभाळणाऱ्या अवयवाला सूज आणली होती. त्यात माणूस दगावतो. संध्याकाळी बाईंचा फोन आला, की चोवीस तास काही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला. साय नव्हती. नळी वरून खालपर्यंत तशीच, ढगासारखी. ती रुमालात गुंडाळून मी मोटारसायकल काढली.

हॉस्पिटलच्या बाकावर सायलीची आई बसली होती. गावाहून मिळेल त्या गाडीने आलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मी लॅबवाला म्हणून ओळख सांगितली. ती शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती, तिने माझ्यासाठी बाकावर जागा केली. मी बसलो, मान खाली घातली, आणि माझी नजर तिच्या हातांवर गेली.

शिरा. मनगटापासून वर, दोरीसारख्या.

बाई चाळिशीतली. भात लावणारी, काजू गोळा करणारी. असे हात कामाचे म्हणून आपण सोडून देतो. पण मी त्या आठवड्यात तीनदा हेच हात बघितले होते, कौतुक केलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की शीर इतकी वर का दिसते: तिच्यावर चरबीचं पांघरूणच नसतं. मी ज्याला सण म्हणत होतो ती खूण होती, आणि ती माझ्यासमोर उघड्या हाताने तीनदा येऊन बसली होती.

मी विचारलं, तुमच्याकडे सगळ्या अशाच का? तिच्या चेहऱ्यावर त्या परिस्थितीतही थोडा अभिमान आला. "आमच्या आयेच्या घराण्यात बायकांक चरबी चढणा नाय. सगळ्यो अश्योच सडसडीत." मग तिने बोटांवर मोजल्या. थोरली बहीण शेतातच बसल्या जागी गेली. मधली साखरेने, मग हार्टने. दोघींनी पन्नाशी बघितली नाही. हे ती सडसडीतपणाइतक्याच सहज सांगत होती. मी उठून डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. आईचं रक्त मी स्वतः काढलं. शीर शोधावी लागली नाही. लेकीची बातमी कळल्यापासून तिने काही खाल्लं नव्हतं. नळी पांढरी निघाली.

दुपारी सायलीचा धोका टळल्याचं कळलं. मग बाईंनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. मीही शिकाऊ होऊन ऐकलं, कारण मला जे येत होतं ते आकड्यांपुरतं होतं.

आपण जेवलो की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि ते कातडीखालच्या चरबीच्या पेशींना सांगतं, आलेलं आत घ्या. दोन जेवणांच्या मध्ये इन्सुलिन उतरतं आणि त्याच पेशी दार उघडून थोडं थोडं बाहेर सोडतात. त्यावर रात्रभर हृदय चालतं, माणूस चालतो. धावलो, घाबरलो, की दार आणखी उघडतं. सुटलेल्यातलं जे खर्च होत नाही ते लिव्हर पुन्हा बांधून रक्तात पाठवतं आणि ते परत साठ्यात जातं. अशी ही आवक-जावक जन्मभर चालते. काही घराण्यांत हा साठाच नीट तयार होत नाही, हातापायांवर तर नाहीच. मग आवक थांबत नाही, पण ठेवायचं कुठे? ती रक्तात फिरत राहते, लिव्हरमध्ये शिरते, स्नायूंत शिरते. तिथे ती भरली की इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं आणि साखर चढते. उपाशी राहिलं तरी लिव्हर रक्तात चरबी पाठवतच राहतं. माणूस वरून पैलवान दिसतो आणि आतून...

"म्हणजे भात पिकता," सायलीची आई मध्येच म्हणाली, "पण कणगीच नाय. मगे तां खळ्यात भिजतला, पडवेत कुजतला."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आमच्याकडे भात साठवायला बांबूची, शेणाने सारवलेली उंच कणगी असते. ज्याच्या घरी ती नाही, त्याला चांगलं पिकणं हेच संकट. अठ्ठावीस वर्षं चरबी मोजून मला जे सुचलं नव्हतं ते त्या बाईने एका वाक्यात बोलून टाकलं. मी इतकी वर्षं बाकावरच्या माणसांना चरबी म्हणजे पाप म्हणून ऐकवत आलो होतो. दाजींना ऐकवलं होतं. त्यांची कणगी मोठी होती आणि अजून तिच्यात जागा होती, म्हणून त्यांची नळी नितळ. (दाजींनी हे वाचून हुरळून जाऊ नये. कणगी भरून सांडायला लागली की त्यांचंही तेच होणार आहे, आणि माझंही. तसं बाईंनी माझ्याकडे बघूनच सांगितलं.)

शेवटी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा साठा मुका नसतो. किती शिल्लक आहे ते तो मेंदूला कळवत राहतो, लेप्टिन नावाच्या द्रव्यातून. साठा पुरेसा असला की मेंदू भूक आवरतो. जिथे साठाच नाही तिथून निरोप कसला येणार? मेंदूला वाटतं घरात दुष्काळ आहे. अशा माणसाची भूक सरत नाही.

इतका वेळ न रडलेली आई तिथे रडली. तिने पदर तोंडावर घेतला. "मी तिका खादाड म्हणा होतंय. पावण्यांसमोर म्हणा होतंय."

जिची भूक कधी सरतच नाही, अशा मुलीने फक्त माझी खात्री पटावी म्हणून दीड दिवस काढला होता.

सायली आता बरी आहे, म्हणजे औषधांवर आहे. जेवणात तेल जवळजवळ नाही, साखरेवर लक्ष, आईचंही तेच. त्या वर्षीची भरती हुकली. पुढची देणार म्हणते; डॉक्टरीणबाई नाहीही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. दर महिन्याला ती सकाळी पहिली येऊन बसते. तिची नळी हल्ली पातळ ताकासारखी असते. तेवढ्यानेही मला बरं वाटतं. लॅबमध्ये आता कोपऱ्यात वेलची केळ्यांचा घड टांगलेला असतो आणि शेजारी साखरवाल्यांसाठी भाजलेल्या चण्यांचा डबा. लोकांना वाटतं ही गिऱ्हाईक ओढायची युक्ती आहे. ती माझ्या डोक्यातून आलेली नाही.

त्या दिवशी कणकवलीहून घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. बायकोने ताट वाढलं. मी जेवता जेवता तिला सगळं सांगितलं: कणगी, इन्सुलिन, लेप्टिन, फ्रिजमधली नळी. माझी चूकही सांगितली, जरा सावरून. फोन मीच केला, त्यामुळे मुलगी वाचली, हे दोनदा सांगितलं. ती ऐकत होती. माझं जेवण झालं, मी हात धुवायला उठलो, तेव्हा ताट उचलता उचलता ती म्हणाली:

"त्या चेडवाक तीनदा उपाशी बोलवल्यात. रगात काढल्यावर एकदा तरी इचारल्यात, गो बाय, आता काय खातलंस?"